वाचक विचारतात : पोथीची पाने, रंग आणि सोने

जुन्या हस्तलिखित पोथ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ त्यांच्या परिसराचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याचा माळा उतरवताना एका सांदुकीत तांबड्या कापडात बांधलेली पोथी निघाली. पाने सुटी आणि आडवी आहेत. मजकूर काळ्या शाईत असून मधूनमधून तांबडी अक्षरे आहेत. चारही बाजूंना हिरव्या-तांबड्या रेघांची चौकट आहे आणि पहिल्या पानावर गणपतीचे रंगीत चित्र आहे. गावातील जाणती मंडळी पोथी पाचशे वर्षांची असल्याचे सांगतात. तिचे वय कसे ओळखावे? (एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : वयाचा विचार करण्याआधी पोथी खरोखर हाताने लिहिलेली आहे की शिळाप्रेसवर छापलेली आहे, एवढे पाहून घ्यावे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याकडे दगडावरून छापलेल्या पोथ्या मोठ्या प्रमाणात निघाल्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये छापलेले पंचांग या परंपरेच्या आरंभीचे मानले जाते. छापणाऱ्यांनी पोथीचा आडवा आकार, सुटी पाने आणि बोरूचे वळण जसेच्या तसे ठेवले, कारण वाचणाऱ्याला तेच रूप पवित्र वाटत होते. त्यामुळे कित्येक घरांत शिळाछाप पोथी हस्तलिखित म्हणून पुजली जाते. हाताने लिहिलेल्या ओळीत बोरू शाईत बुडवल्यावर येणारी अक्षरे गडद असतात आणि पुढे ती फिकट होत जातात. छापील पानावर हा चढउतार दिसत नाही, आणि शेवटी बहुधा छापखान्याचे नाव सापडते.

पोथी हस्तलिखित आहे अशी खात्री झाली की चित्राचे पान बाजूला ठेवून शेवटचे पान वाचावे. लेखनिक आपले नाव, गाव, कोणासाठी लिहिले ते आणि लेखन संपल्याची तिथी तेथे नोंदवीत असे. शके दिलेला असेल तर त्यात 78 मिळवावेत. तिथी माघ-फाल्गुनातील असेल तर इसवी सनाचा आकडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तेव्हा 79 मिळवावेत. समजा, शेवटी ‘शके 1690 सर्वधारी संवत्सर, माघ शुद्ध’ असे लिहिले आहे, तर ती पोथी इ. स. 1769 मधील ठरते. संवत्सराचे नाव हा उपयोगी पडताळा आहे, कारण साठ नावांचे चक्र ठरावीक असते आणि 1690 ला सर्वधारीच येतो. आकडा पुसट असेल किंवा नंतर कोणी गिरवला असेल, तर नावाशी तो जुळत नाही आणि शंका घेता येते. जैन पोथ्यांत बरेचदा विक्रम संवत असतो, त्यातून 57 वजा करावे लागतात (वर्षाच्या उत्तरार्धात 56). कधी वर्ष आकड्यात न देता शब्दांत गुंफलेले असते, म्हणजे चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, आणि हे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नक्कल करणारा कधी कधी मूळ पोथीतील समाप्तीचा मजकूरही मुकाट्याने उतरवून घेत असे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘शके बाराशते बारोत्तरे’ असे येते. त्यावरून ग्रंथरचनेचे वर्ष, म्हणजे इ. स. 1290, कळते. हातातील प्रत त्या वर्षीची आहे असा त्याचा अर्थ होत नाही. लेखनिकांचा एक प्रसिद्ध श्लोक शेकडो पोथ्यांच्या शेवटी आढळतो : ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥’ समोर जसे दिसले तसे लिहिले, चूक असल्यास मला दोष देऊ नये, असे लिहून लेखनिक मोकळा झालेला असतो. तेव्हा तपासणीचे काम आपल्याकडे येते.

तिथी मुळीच नसेल तर कागद आणि अक्षर यांच्याकडे वळावे. देशी कागद हातचा असे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा आणि जुन्नरचा कागद मराठी मुलखात नावाजलेला होता. तो खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, त्यामुळे आजही त्याच्यावर मंद चकाकी दिसते. पान उजेडासमोर धरल्यावर आत विलायती छापाची जलखूण दिसली, तर कागद बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला आयात माल असतो. अक्षरांत एकार-ओकाराची मात्रा डोक्यावर न येता अक्षराच्या डाव्या बाजूला उभ्या काठीसारखी आली असेल, तर ती पडीमात्रा होय आणि ती जुनेपणाची खूण आहे. पानाच्या मध्यभागी चौकोनी किंवा हिऱ्याच्या आकाराची कोरी जागा सोडलेली असेल, तर तिचे मूळ ताडपत्रात आहे. ताडपत्राला तेथे भोक पाडून दोरी ओवत, आणि कागद आल्यावर भोक गेले तरी जागा सोडण्याची चाल कित्येक पिढ्या टिकली. पुढे तिच्यात तांबडा ठिपका किंवा फूल काढून तीच सजावट करण्यात आली.

आपल्या पत्रातील हिरव्या चौकटीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. जुना हिरवा रंग पुष्कळदा जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज, असतो आणि तो हळूहळू कागद खातो. रेघेखालचा कागद तपकिरी पडतो, मोडतो, आणि अखेरीस मधला मजकूर चौकटीतून सुटून वेगळा होतो. अशी पाने एका हाताने कडेला धरून उचलू नयेत. खाली जाड कोरा कागद सरकवून त्याच्यासकट उचलावीत. तांबडा रंग हिंगुळाचा असेल तर तो सहसा टिकतो. काही ठिकाणी अक्षरांवर पिवळा लेप दिसेल, तो हरताळाचा असतो आणि चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लावलेला असतो. हरताळात सोमल हे विष असते, म्हणून पाने उलटताना बोट जिभेला लावू नये आणि नंतर हात धुवावेत.

पाचशे वर्षांविषयी स्पष्ट सांगायचे तर, आपल्याकडच्या घरांत सापडणाऱ्या रंगीत चौकटीच्या बहुतेक कागदी पोथ्या अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या असतात. गणपतीच्या चित्रावरून वय ठरवण्याचा मोह टाळावा, कारण आरंभी गणेश व सरस्वती काढण्याची चाल फार दीर्घकाळ चालली.

प्रश्न : शाळेत इतिहास शिकवताना मुलांना मध्ययुगीन युरोपातील सोनेरी अक्षरांच्या ग्रंथांची चित्रे दाखवली. पानावर सोने बसते कसे आणि आपल्याकडे असे ग्रंथ होते का, असे मुलांनी विचारले. कारंज्याच्या जैन मंदिरांतील पोथ्यांत असे काही असते का? (एक शिक्षिका, कारंजा परिसर, जि. वाशीम)

उत्तर : युरोपातील ते ग्रंथ प्रामुख्याने कातड्यावर लिहिलेले आहेत. वासराचे किंवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, लाकडी चौकटीवर ताणून, वाळताना कोयत्यासारख्या वाकड्या पात्याने खरवडत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेला, इ. स. 800 च्या सुमाराचा ‘बुक ऑफ केल्स’ हा ग्रंथ असाच वासराच्या कातड्यावरचा असून त्यासाठी शंभरावर वासरे लागली असावीत, असा अंदाज आहे. कातडे हवेतील ओलाव्याने फुगते व आक्रसते, म्हणून तेथे पाने शिवून, लाकडी फळ्यांमध्ये दाबून, वर पितळी कड्या लावण्याची पद्धत पडली. आपल्याकडे ताडपत्र आणि भूर्जपत्र, आणि नंतर कागद, ही साधने होती. धर्मग्रंथासाठी कातडे शुचि मानले जात नव्हते.

सोने बसवण्याचे काम क्रमाने चाले आणि त्या क्रमाला कारणे होती. आधी मजकूर लिहून होई व अलंकृत अक्षरासाठी जागा सोडलेली असे. चित्रकार तेथे रेखाटन करी आणि सोन्याच्या जागी खडूसारखी पांढरी माती व सरस यांचा उंचवटेदार थर देई. तो वाळल्यावर त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली की सरस चिकट होई, आणि तेवढ्या क्षणात ठोकून पातळ केलेला सोन्याचा वर्ख त्यावर टेकवीत. नंतर कुत्र्याच्या सुळ्याने किंवा गुळगुळीत दगडाने तो घोटत. उंचवट्यामुळे प्रकाश निरनिराळ्या कोनांतून परावर्तित होतो, आणि मेणबत्तीच्या उजेडात पान हलवले की अक्षर पेटल्यासारखे दिसते. रंग मात्र सोन्यानंतर भरत, कारण रंग आधी भरला तर वर्ख त्यालाही चिकटतो आणि घोटताना रंग खरवडला जातो. मुलांना हा क्रम आधी विचारून मग सांगितला, तर वर्गात चांगली चर्चा होईल.

आपल्याकडे दुसरी रीत अधिक रुळली. वर्ख डिंकात किंवा मधात खलून त्याची पूड करीत, ती धुऊन पुन्हा डिंकाच्या पाण्यात कालवीत आणि त्या सोन्याच्या शाईने बोरूने किंवा कुंचल्याने लिहीत. वाळल्यावर अकीकाने घोटले की झळाळी येई. गुजरातेतील श्वेतांबर जैन समाजाने पंधराव्या शतकात लिहवून घेतलेल्या कल्पसूत्र या धर्मग्रंथाच्या काही प्रती तांबड्या किंवा निळ्या भूमीवर सोन्याच्या अक्षरांत आहेत. त्यांतील उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या राजावर्त दगडाचा असे, आणि तोच दगड समुद्रापार जाऊन युरोपातील चित्रकारांच्या हाती पडे. लंडन-पॅरिसच्या ग्रंथातील मरियमेचे निळे वस्त्र आणि अहमदाबाद-पाटणच्या पोथीतील निळी भूमी एकाच डोंगरातून निघालेली असू शकते, हे मुलांना नकाशावर दाखवण्यासारखे आहे.

कारंज्याची गोष्ट जरा निराळी आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कारंजा हे दिगंबर परंपरेचे पीठ आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर मुनिपरंपरांची मंदिरे तेथे आहेत आणि त्यांच्या भांडारांचे खरे वैभव मजकुरात आहे. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची 1926 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात कारंज्याच्या पोथ्यांची मोठी नोंद आहे. त्यानंतर अपभ्रंश भाषेतील ग्रंथ कारंजा जैन ग्रंथमालेतून संपादित होऊन बाहेर आले. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंत यांचे ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ त्यांतच आहेत. याच पुष्पदंतांच्या महापुराणाची चित्रांनी भरलेली एक प्रत 1540 मध्ये दिल्लीजवळच्या पालम येथे तयार झाली. दिगंबर परंपरेत चित्रे नव्हती असा समज त्यामुळे टिकत नाही.

आणखी एक धागा अमरावतीशी जोडलेला आहे. कर्नाटकातील मूडबिद्री येथे षट्खंडागम हा दिगंबरांचा प्राचीन धर्मग्रंथ आणि त्यावरील धवला टीका यांची ताडपत्रे शतकानुशतके जपली होती. त्या संचातील बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही पानांवर तीर्थंकरांची व यक्ष-यक्षिणींची छोटी रंगीत चित्रे आहेत. ती पाने दर्शनाची झाली होती, अभ्यासासाठी उघडत नव्हती. डॉ. हिरालाल जैन (वर उल्लेखिलेले रायबहादूर वेगळे) यांनी नकला मिळवून त्या ग्रंथाचे संपादन केले आणि पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. आठशे वर्षे सजवून ठेवलेला मजकूर सर्वांना वाचता आला, तो आपल्या वऱ्हाडातल्या छापखान्यामुळे. आपल्या विद्यार्थ्यांना सोन्याइतकेच हेही सांगावे.

प्रश्न : आमच्या घरी महानुभाव पंथाच्या वडिलोपार्जित पोथ्या आहेत. त्यांत चित्र एकही नाही आणि अक्षरे मराठी वाटत असूनही शब्द लागत नाहीत. सजावट नसण्याचे कारण काय? (एक वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : शब्द न लागण्याचे कारण बहुधा सकळ लिपी हे असावे. तिच्यात नेहमीच्या एका अक्षराऐवजी ठरवून दुसरे अक्षर लिहितात, त्यामुळे डोळ्यांना देवनागरी ओळखीची वाटते आणि अर्थ मात्र हाती येत नाही. ही लिपी रवळोबासांनी योजली असे परंपरा सांगते. सकळेखेरीज सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी सांकेतिक लिप्या पंथात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे यांच्या प्रयत्नांनी ही कुलपे पंथाबाहेरच्या अभ्यासकांसाठी उघडली. पुढे नागपूरचे ह. ना. नेने, यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणले. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र 1978 मध्ये प्रसिद्ध झाले.

सजावटीविषयी विचार करताना हे ध्यानात घ्यावे की रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळा, म्हणजे पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांच्या आठवणी, गोळा केल्या, त्या ज्यांनी श्रीचक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, त्यांच्याच शब्दांत. स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि हिराइसेसारख्यांनी पाठ केलेल्या लीळांवरून संहिता पुन्हा उभी करावी लागली, असे पंथाचा इतिहास सांगतो. एवढे सोसलेल्या लोकांनी आपली शक्ती शब्द अचूक ठेवण्यात घातली असेल, तर ते समजण्यासारखे आहे. दरबार किंवा श्रीमंत व्यापारी पाठीशी असतो तेथे सोने आणि राजावर्त परवडतो. भिक्षेवर राहणाऱ्या पंथाकडे ती सोय नव्हती. तरीही आपल्या पोथीत समासाच्या सरळ दुहेरी रेघा, लीळेच्या मथळ्याला तांबडी शाई आणि ओळींची एकसारखी उंची दिसत असेल तर ती पाहावी. पुठ्ठ्यावर दोरे ताणून, त्यावर कागद ठेवून, अंगठ्याने दाबून त्या ओळी उमटवलेल्या असतात. पान तिरप्या उजेडात धरले की त्यांची खोबण अजूनही दिसते. माझ्या मते तीही सजावटच आहे.

प्रश्न : आजोबांकडून आलेल्या एका फारसी ग्रंथाच्या पहिल्या पानावर निळी-सोनेरी कमान आहे आणि मजकुराभोवती सोनेरी रेघा आहेत. हा ग्रंथ कुराण आहे का? (एक वाचक, अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : केवळ कमानीवरून तसे म्हणता येत नाही. आरंभीच्या त्या नक्षीला सरलौह म्हणतात आणि रेघांच्या चौकटीला जदवल. काव्य, इतिहास, वैद्यक अशा कोणत्याही विषयाच्या चांगल्या प्रतीत त्या असत. कुराणाचा मजकूर अरबी असतो, म्हणून ग्रंथाची भाषा फारसीच असल्याची खात्री असेल तर निदान मूळ कुराण ते नव्हे. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी असल्याने तेथे असे ग्रंथ सापडणे स्वाभाविक आहे. वर्ष शेवटी हिजरी सनात दिलेले असेल. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून किंवा वजा करून भागत नाही, कोष्टक पाहावे लागते. कोऱ्या पानांवरील मालकांच्या मोहरांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, ग्रंथ कोणाकोणाच्या हातून फिरला ते त्यांवरून कळते. दख्खनी चित्रकलेचा आरंभीचा महत्त्वाचा नमुना असलेला ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हा निजामशाही ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, तो यासंदर्भात जाणून घेण्यासारखा आहे.

प्रश्न : पोथीला कसर लागते. पाने लॅमिनेट करून घेतली तर चालेल का? (एक वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : मुळीच नाही. लॅमिनेशनची उष्णता रंग आणि कागद दोन्ही बिघडवते, आणि प्लास्टिक पुढे काढता येत नाही. चिकटपट्टी आणि बाजारचा गोंद यांनाही हात लावू नये. पोथी देव्हाऱ्यात असेल तर तिच्यावर हळद-कुंकू, अक्षता आणि फुले वाहू नयेत, आणि निरांजन जवळ ठेवू नये. तेल आणि ओलावा हे तिचे मोठे शत्रू आहेत, आणि अक्षतांच्या मागे किडे येतात. पूजा करायचीच असेल तर बासनाची करावी. सुती कापड धुऊन, खळ काढून, पूर्ण वाळवून त्यात पोथी घट्ट बांधावी. सैल बासनात पाने सरकतात आणि कडा झिजतात. वेखंडाची पुरचुंडी बासनाबाहेर ठेवता येते. निंबाची पाने मात्र दोन पानांच्या मध्ये ठेवू नयेत, डाग पडतात. दिगंबर जैन घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, शास्त्रे बाहेर काढून, झाडून, नव्या वेष्टनात बांधण्याची चाल आहे. मृगाच्या तोंडावर येणारी ही तिथी कोणत्याही घराने पाळावी अशी आहे. फक्त पाने उन्हात न मांडता सावलीत वारा द्यावा, कारण आपल्याकडचे त्या दिवसांतील ऊन रंग उडवते आणि कागद कडक करते.

प्रश्न : एक फिरता व्यापारी आमच्या पोथीतील फक्त चित्रांची पाने मागतो आहे, बाकी पाने ठेवून घ्या म्हणतो. विकावीत का? (एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : विकू नयेत. पान वेगळे झाले की त्यावरील प्रसंग कोणता, लिहवून घेणारा कोण आणि वर्ष कोणते हे सांगणारा मजकूर दुसरीकडे राहतो. चित्राच्या मागच्या बाजूचा मजकूरही पोथीतून कायमचा जातो. व्यापाऱ्याला पाने सुटी हवी असतात ती सुटी विकून अधिक पैसा मिळतो म्हणून. कायद्याची बाजूही आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 नुसार 75 वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखिते पुरावशेषांत मोडतात. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. साध्या पोथीला नोंदणीची सक्ती नसली तरी चित्रे किंवा नक्षी असलेल्या हस्तलिखिताची नोंदणी मालकाने करणे अपेक्षित आहे. ते काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे होते. नोंदणी झाल्याने मालकी जात नाही, उलट चोरी झाल्यास दावा सांगायला कागद हाती राहतो.

त्याआधी, शक्यतो याच आठवड्यात, सर्व पानांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात, पानाशेजारी मोजपट्टी ठेवून ती काढावीत. पत्रांक पानाच्या मागच्या बाजूच्या समासात असतो, तो स्पष्ट आला आहे ना हे तपासावे, आणि कोणता क्रमांक गहाळ आहे ते वहीत लिहून ठेवावे. व्यापारी पुन्हा आला तर त्याला पोथी हाताळायला देऊ नये.